उद्यानाची पाटी आणि अस्रची नमाज : कायद्याच्या तत्त्वज्ञानाची ओळख

आपल्या घरांतील जी मुलेमुली कायद्याच्या पदवीसाठी महाविद्यालयात जातात, त्यांच्यासमोर लवकरच ‘विधिशास्त्र’ नावाचा विषय येतो. करार, गुन्हे, मालमत्ता या विषयांत कायदा काय सांगतो हे शिकवले जाते. विधिशास्त्रात मात्र कायदा म्हणजे मुळात काय, तो का पाळायचा आणि त्याचा अर्थ कोणी व कसा लावायचा, हे प्रश्न विचारले जातात. पुष्कळ विद्यार्थी इथेच कंटाळतात. चार व्याख्या पाठ करतात, पेपर लिहितात आणि मोकळे होतात. मुस्लिम विद्यार्थ्याची यात दुहेरी हानी होते. कारण ज्या प्रश्नांना तो परके समजतो, त्यांच्यावर त्याच्याच पूर्वसूरींनी बारा शतकांहून अधिक काळ विचार केला आहे. त्या विचारातून उभ्या राहिलेल्या शास्त्राला ‘उसूल-ए-फिक्ह’ म्हणतात.

या विद्यार्थ्याची आणखी एक अडचण असते. ती तो सहसा बोलून दाखवीत नाही. ‘हा नियम कशासाठी?’ असे विचारण्याची सवय त्याला वर्गात लावली जाते. घरी आल्यावर त्याने तोच प्रश्न शरीअतच्या एखाद्या आदेशाविषयी विचारला, की वडीलधारे दचकतात. ‘अल्लाहचा हुकूम आहे, एवढे पुरे’ म्हणून विषय मिटवतात. मुलगा गप्प बसतो. प्रश्न गप्प बसत नाही. हा लेख त्या मुलासाठी आहे, तशाच मुलीसाठी आहे आणि दचकणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठीही आहे.

प्रारंभ एका प्रसंगाने करू. हिजरी सन ५ मध्ये खंदकाची लढाई नुकतीच संपली होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहाबांना (र.) बनू कुरैझाच्या वस्तीकडे निघण्याची आज्ञा दिली आणि बजावले, की तेथे पोहोचल्याखेरीज कोणीही अस्रची नमाज अदा करू नये. सहाबा निघाले. वाटेतच अस्रची वेळ निघून जाऊ लागली. काहीजण म्हणाले, आज्ञा स्पष्ट आहे, आम्ही तेथे पोहोचूनच नमाज अदा करू. इतर म्हणाले, प्रेषितांचा (स.) हेतू आपण त्वरा करावी एवढाच होता, नमाज चुकवावी असा नव्हता, आणि त्यांनी वाटेतच नमाज अदा केली. पुढे ही गोष्ट प्रेषितांना (स.) सांगण्यात आली, तेव्हा त्यांनी दोहोंपैकी कोणालाही दोष दिला नाही. बुखारीत ही हदीस आहे. मुस्लिमच्या रिवायतीत अस्रऐवजी जुहरचा उल्लेख येतो; त्याने आपल्या मुद्द्यात फरक पडत नाही.

आता तेरा शतके ओलांडून दुसऱ्या एका देशात जाऊ. ऑक्सफर्डचे प्राध्यापक एच. एल. ए. हार्ट यांनी १९५७ साली अमेरिकेत हार्वर्ड येथे एक व्याख्यान दिले, ते पुढच्या वर्षी छापले गेले. त्यांनी एक साधे उदाहरण घेतले : सार्वजनिक उद्यानात वाहन आणण्यास मनाई आहे. मोटारीला मनाई, हे उघड आहे. पण सायकल? चाकांचे बूट? मुलाची खेळण्यातली मोटार? हार्ट यांचे म्हणणे असे, की प्रत्येक शब्दाला अर्थाचा एक पक्का गाभा असतो आणि त्याभोवती अंधूक कडा असते. गाभ्यात वाद नसतो. कडेवर मात्र न्यायाधीशाला स्वतः निवड करावी लागते. हार्वर्डचेच प्राध्यापक लॉन फुलर यांनी त्यांना उत्तर दिले. दुसऱ्या महायुद्धात वापरलेला, चालू स्थितीतला लष्करी ट्रक नागरिकांनी स्मारक म्हणून त्याच उद्यानात चौथऱ्यावर उभा करायचे ठरवले, तर तो ‘वाहन’ या शब्दाच्या गाभ्यात येतो की कडेवर? ट्रक तर निःसंशय वाहन आहे! फुलर यांचा आक्षेप असा, की हेतू विचारात घेतल्याशिवाय गाभाही ओळखता येत नाही.

विधिशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक पाठ्यपुस्तकात हा वाद आहे. विद्यार्थ्याने तो वाचताना बनू कुरैझाच्या वाटेवरचे ते दोन गट डोळ्यांसमोर आणावेत. प्रश्न तोच आहे : आज्ञेच्या शब्दाला धरायचे, की शब्दामागच्या हेतूला? आपल्या विद्वानांतही यावर दोन बाजू पडल्या. कॉर्डोबाचे इब्न हझम (रह.) शब्दाचे कट्टर पुरस्कर्ते. आपण त्या दिवशी तेथे असतो, तर मध्यरात्र उलटली तरी बनू कुरैझाला पोहोचल्यावरच नमाज अदा केली असती, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. उलट इब्न कय्यिम (रह.) यांनी वाटेत नमाज अदा करणाऱ्यांना अधिक पसंती दिली, त्यांनी त्वराही केली आणि नमाजची वेळही सांभाळली, हे त्यामागचे कारण. एक बारकावा मात्र सुटू देऊ नका. दुसऱ्या गटाने आज्ञा बाजूला सारून मनाला येईल ते केले नव्हते. नमाज ठरलेल्या वेळी अदा करावी, ही कुरआनची (४:१०३) आज्ञाही त्यांच्यासमोर होती. म्हणजे हेतूचा आधार घेताना त्यांनी दुसऱ्या एका नियमाचाच आधार घेतला. हेतू म्हणजे स्वतःची लहर नव्हे; तो सिद्ध करावा लागतो.

इथे खरी अडचण सुरू होते. नियमातून निसटू पाहणारा प्रत्येक माणूस हेतूचीच भाषा बोलतो. ‘नियमाचा उद्देश माझ्या बाबतीत लागू नाही,’ हे वाक्य वाहतूक पोलिसाला रोज ऐकावे लागते. मग हेतूला लगाम कसा घालायचा? फकीहांनी यासाठी दोन शब्द वेगळे केले : ‘हिकमत’ आणि ‘इल्लत’. हिकमत म्हणजे नियमातून साधायचे हित. इल्लत म्हणजे ती उघड व निश्चित बाब, जिच्यावर नियम टांगलेला असतो. ती असेल तेथे नियम लागू, नसेल तेथे नाही.

रमजानचे उदाहरण घ्या. कुरआनने (२:१८४-१८५) प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे. यातील हिकमत म्हणजे कष्टातून सुटका. इल्लत मात्र प्रवास ही आहे, कष्ट ही नाही. म्हणून वातानुकूलित डब्यात झोपून जाणाऱ्या प्रवाशालाही ही सवलत आहे आणि मार्केट यार्डात दिवसभर पोती वाहणाऱ्या हमालाला प्रवासाच्या नावाने ती नाही. (त्याच्या जिवावरच बेतले, तर त्याच्यासाठी वेगळा नियम आहे, तो या नियमाच्या पोटी येत नाही.) वरवर पाहता हे उफराटे वाटते. परंतु कष्ट मोजणार कोण? प्रत्येकाचे कष्ट वेगळे, सांगण्याची रीतही वेगळी. प्रवास मात्र घडला की नाही, हे कोणीही सांगू शकतो. आपल्या देशात मतदानाचा अधिकार अठराव्या वर्षी मिळतो, तोही याच विचाराने. समज हा हेतू आहे, वय ही खूण आहे. सतरा वर्षांची समंजस मुलगी मतदान करू शकत नाही आणि पन्नाशीचा अविचारी गृहस्थ करू शकतो. समजेची परीक्षा घेण्याचा अधिकार एखाद्या अधिकाऱ्याच्या हाती दिला, तर काय घडेल याची कल्पना करा, म्हणजे ही उफराटी वाटणारी व्यवस्था पटेल.

तरीही इल्लत केवळ नियमाला जखडून ठेवत नाही, त्याला पुढेही नेते. न्यायाधीशाने क्रोधाच्या स्थितीत निवाडा करू नये, अशी हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. शब्द ‘क्रोध’ एवढाच आहे. मग भुकेने व्याकूळ, झोपेने पेंगुळलेला, असह्य वेदनेने किंवा दुःखाने ग्रासलेला काझी निवाडा करू शकतो काय? फकीहांनी विचारले, क्रोधाला मनाई का? क्रोध विचारात व्यत्यय आणतो, म्हणून. हाच व्यत्यय भुकेत व वेदनेतही आहे, म्हणून त्या अवस्थांनाही मनाई लागू केली गेली. उलट ज्या किंचित रागाने विचार ढळत नाही, तो या मनाईतून वगळला गेला. एकाच इल्लतीने शब्दाची कक्षा एका बाजूने वाढली आणि दुसऱ्या बाजूने घटली. यालाच कियासाची पद्धत म्हणतात. न्यायालयात पूर्वीच्या निकालाचा आधार घेताना वकील जे करतो, त्याच्याशी ती ताडून पाहा. प्रत्येक पायरी जुळणार नाही, पण चाल ओळखीची वाटेल.

हजरत उमर (र.) यांच्याविषयी एक विधान वारंवार ऐकू येते : दुष्काळाच्या वर्षी त्यांनी चोरीची शिक्षा ‘स्थगित’ केली. या विधानाचा उपयोग दोन्ही बाजूंनी होतो. कोणी म्हणतो, पाहा, राज्यकर्ता कुरआनचा आदेशही थांबवू शकतो. कोणी म्हणतो, म्हणूनच असल्या कथांपासून दूर राहावे. आमच्या मते ‘स्थगित’ हा शब्दच चुकीचा आहे. चोरीच्या शिक्षेसाठी फकीहांनी कितीतरी अटी सांगितल्या आहेत, आणि संशयाला जागा असेल तेथे हदची शिक्षा टाळावी, हा मान्य नियम आहे. हिजरी १८ च्या दुष्काळात भुकेल्या माणसाने अन्न उचलले, तर तो गरजेपोटी होता की लोभापोटी, हा संशय प्रत्येक प्रकरणात उभा राहत होता. आदेश जागेवरच होता. तो लागू होण्याची अट पुरी होत नव्हती.

इमाम मालिक (रह.) यांच्या ‘मुवत्ता’मधील एका प्रकरणातून हे अधिक उलगडते. हातिब यांच्या गुलामांनी मुझैना टोळीतील एका माणसाची उंटीण चोरून कापली. हजरत उमर (र.) यांनी आधी शिक्षेचा आदेश दिला, मग थांबून मालकालाच म्हटले, की तुम्ही यांना उपाशी ठेवता असे मला दिसते. उंटिणीच्या मालकाला किंमत विचारली. आपण ती चारशे दिरहमलाही दिली नसती, असे तो म्हणाला. उमर (र.) यांनी हातिब यांना आठशे दिरहम भरायला लावले. चोरी कोणाच्या हातून घडली, एवढ्यावर हा न्यायाधीश थांबला नाही. ती कोणामुळे घडली, इथपर्यंत तो गेला. या प्रकरणाचा उत्तरार्धही तितकाच उद्बोधक आहे. इमाम मालिक (रह.) यांनी हा निवाडा नोंदवला आणि खाली स्पष्ट लिहिले, की दुप्पट किंमत घेण्याची प्रथा आमच्याकडे नाही, जनावर घेतले त्या दिवशीची किंमत द्यावी लागते. एवढ्या मोठ्या खलिफाचा निवाडा आदराने जतन करायचा आणि त्यातील एक भाग सामान्य नियम म्हणून स्वीकारायचा नाही, हे एकाच पानावर घडले आहे. मतभेद म्हणजे अनादर असे मानणाऱ्यांनी ते पान वाचावे.

हेतू समजून न घेता दुसऱ्यांचा कायदा वाचला, तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशाच्या इतिहासात आहे. ‘वक्फ अलल-औलाद’मध्ये मालमत्तेचे उत्पन्न आधी स्वतःच्या वंशजांना आणि वंश खुंटल्यास गरिबांना मिळावे, अशी योजना असते. १८९४ साली लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने अबुल फता यांच्या प्रकरणात असा वक्फ अवैध ठरवला. गरिबांचा वाटा इतका दूरचा आहे की तो केवळ दिखाऊ आहे, आणि कुटुंबाला देणे हा दानधर्म नव्हे, असा त्या निकालाचा सूर होता. ‘दान’ या शब्दाचा इंग्रजी कायद्यातला अर्थ येथे प्रमाण मानला गेला. वास्तविक स्वतःच्या कुटुंबावर खर्च करणे हीही सदकाच आहे, असे सहीह हदीसमध्ये आले आहे. न्यायमूर्ती अमीर अली यांनी त्यापूर्वीच, १८९२ साली, कलकत्ता उच्च न्यायालयातील आपल्या अल्पमताच्या निकालात याच अंगाने युक्तिवाद केला होता. तो एकटा पडला. शेवटी १९१३ साली विधिमंडळाला कायदा करून असे वक्फ वैध ठरवावे लागले. मुंबई इलाख्यातील मुसलमानांचे प्रतिनिधी म्हणून महंमद अली जिना यांनी ते विधेयक मांडले होते. तो कायदा पूर्वीच्या वक्फांना लागू होण्यासाठी १९३० साली आणखी एक कायदा लागला. प्रिव्ही कौन्सिलची शंका अगदीच निराधार होती, असेही नाही. धनकोंना चुकवण्यासाठी किंवा मुलींचा वारसाहक्क बुडवण्यासाठी कोणी वक्फाची ढाल केली, तर हेतूचा प्रश्न आपल्यालाही विचारावाच लागेल.

आपले विद्यार्थी ‘मुस्लिम कायदा’ बहुधा दिनशा मुल्ला यांच्या, १९०५ साली प्रथम निघालेल्या ग्रंथावरून शिकतात. मुल्ला हे मुंबईचे पारशी विधिज्ञ. त्यांचा ग्रंथ कलमवार व नेमका आहे आणि वकिलाला उपयोगी आहे. परंतु कलमात निष्कर्ष दिसतो, तो कोणत्या वाटेने निघाला ते दिसत नाही. शरीअत म्हणजे ही कलमांची यादी, अशी समजूत मुस्लिम विद्यार्थ्याचीही होते, ती यामुळे.

मग ऑस्टिनचे काय? जॉन ऑस्टिन यांनी १८३२ साली मांडले, की कायदा म्हणजे सार्वभौम सत्तेची, शिक्षेचा धाक असलेली आज्ञा. मुस्लिम विद्यार्थ्याला हे चटकन पटते. ‘अल्लाह सार्वभौम, शरीअत त्याची आज्ञा’, असे तो उत्तरपत्रिकेत लिहूनही टाकतो. थोडे थांबावे. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (रह.) यांनी अठराव्या शतकात ‘हुज्जतुल्लाहिल बालिगा’च्या प्रस्तावनेतच एका समजुतीचे खंडन केले आहे. काही लोकांना वाटते, की शरीअतचे आदेश म्हणजे धन्याने नोकराची परीक्षा पाहण्यासाठी ‘हा दगड उचल, त्या झाडाला हात लाव’ असे सांगण्यासारखे आहेत. त्यात हित शोधू नये. शाह साहेब म्हणतात, हे मत चुकीचे आहे. आणि लगेच दुसरी बाजूही सांगतात : सिद्ध झालेल्या आदेशाचे पालन त्याचे हित कळेपर्यंत लांबणीवर टाकता येत नाही. ‘कशासाठी?’ विचारणे आणि तोवर पालन थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांना दुसरीची भीती वाटते आणि म्हणून ते पहिलीही अडवतात.

त्यांच्या आधी इमाम गझाली (रह., मृत्यू इ.स. ११११) यांनी शरीअतची पाच उद्दिष्टे सांगितली होती : धर्म, जीवित, बुद्धी, वंश आणि संपत्ती यांचे रक्षण. ग्रॅनाडाचे शातिबी (रह., मृत्यू इ.स. १३८८) यांनी ‘अल-मुवाफकात’मध्ये त्यावर संपूर्ण शास्त्र उभे केले. एखाद-दुसरा आदेश पाहून उद्दिष्ट ठरवायचे नाही, असंख्य आदेश एकत्र पाहून ते काढायचे, ही त्यांची पद्धत. आजकाल ‘मकासिद’ हा शब्द ज्या सैलपणे वापरला जातो, त्यावर हाच उतारा आहे.

ऑस्टिनच्या व्याख्येची आणखी एक कसोटी आहे. कायदा म्हणजे सत्तेची आज्ञाच असेल, तर सत्तेने तोंड फिरवल्यावर माणसाच्या हाती काय उरते? हा प्रश्न भारतात खरोखर उभा राहिला. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि अनुच्छेद २१ खालील जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्कासाठी न्यायालयात जाण्याची वाट राष्ट्रपतींच्या आदेशाने बंद झाली. चौकशीविना डांबलेल्यांच्या हेबियस कॉर्पस अर्जांचे काय करायचे, हा प्रश्न जबलपूर प्रकरण म्हणून सर्वोच्च न्यायालयात आला. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले, एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणाला ठार मारले, तरी दाद मागता येणार नाही काय? उत्तर आले, आणीबाणी आहे तोवर नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. चारांत न्यायमूर्ती मिर्झा हमीदुल्लाह बेग होते, तसेच पुण्याचे यशवंत चंद्रचूडही होते. एकटे खन्ना विरोधात राहिले. जीविताचा हक्क संविधानाने जन्माला घातलेला नाही. अनुच्छेद २१ नसता, तरीही कायद्याच्या आधाराविना कोणाचा प्राण वा स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार राज्याला नाही, असे त्यांनी मांडले. पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जबलपूरचा निकाल रद्दबातल ठरवला. त्यातील प्रमुख निकालपत्र यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. परीक्षेच्या चार व्याख्यांमधून जे कळत नाही, ते या एका प्रकरणातून कळते. सत्तेच्या शब्दाच्या आधी काही असते की नाही, या प्रश्नावर माणसांची सुटका अवलंबून होती.

आता घरी करायचा एक अभ्यास. फुलर यांनी त्याच वादात आणखी एक उदाहरण दिले होते, ते आपल्या परिस्थितीत मांडतो. रेल्वे स्थानकात झोपल्यास दंड, अशी पाटी आहे. पहाटे तीन वाजता पोलिसाने दोघांना पकडले. पहिला प्रवासी, गाडी उशिरा येणार म्हणून बाकावर ताठ बसलेला होता, पण त्याला डुलकी लागून तो हलके घोरत होता. दुसऱ्याने उशी-चादर अंथरून बाकावर बिछाना घातला होता, मात्र त्याला अजून झोप लागली नव्हती. रात्रीच्या जेवणानंतर सर्वांनी बसून ठरवा, दंड कोणाला करावा. आधी इब्न हझम (रह.) यांच्या बाजूने युक्तिवाद करा, मग इब्न कय्यिम (रह.) यांच्या. या पाटीची हिकमत कोणती आणि इल्लत कोणती, ते कागदावर लिहून काढा. दुसऱ्या माणसाला राहायला घरच नाही असे कळले, तर तुमचे उत्तर बदलते काय, आणि का, तेही लिहा.